तज्ज्ञ सल्ला मोफत

रिसोडातल्या माझ्या कृषी केंद्राबाहेर पाटी आहे : ‘तज्ज्ञ सल्ला मोफत’. तज्ज्ञ म्हणजे मी. पेंटरला तसं मीच सांगितलं होतं.

यंदा सोयाबीन वीतभर असताना रिठदचा एक शेतकरी आठेक वर्षांच्या पोरीला घेऊन दुकानात आला. पोरीनं फ्रॉकच्या खिशातून वाळकी पानं काढली आणि काउंटरवर एका रेषेत मांडायला घेतली. एक पान तिरकं झालं की सगळी उचलून पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

“डॉक्टर म्हन्ते ऑटिझम हाय,” बाप म्हणाला. “दोन वर्षांपासून तणाशिवाय हिले दुसरं काही सुचत नाही.”

माझ्यातला तज्ज्ञ लगेच जागा झाला. “हे वेड सोडवा भाऊ. टीव्ही दाखवा तिले.” मग त्यानं वावरातून उपटून आणलेलं कोवळं रोप मी चष्म्याशिवायच पाहिलं, “गवत हाय,” म्हणालो आणि गवताच्या तणनाशकाची बाटली पुढे केली.

“केना हाय,” पोरगी पानांकडे बघतच म्हणाली. “ह्या औषधानं केना मरत नाही. यायले दिसत नाही काय, बाबा?”

मी चष्मा लावला. केनाच होता; तण खरं, पण गवत नव्हे. ती फवारणी वाया जाऊन केन्यानं अख्खं वावर धरलं असतं. मी गुपचूप दुसरी बाटली काढली.

निघताना बापानं विचारलं, “ते वेड कसं सोडवाचं म्हनत होते तुमी?”

“राहू द्या,” म्हणत मी स्वच्छ काउंटर पुन्हा पुसू लागलो.

पाटी मी उतरवली नाही. एवढ्या वर्षांत त्या दिवशी ती पहिल्यांदा खरी ठरली होती.