दांडीवरचा टॉवेल

वागळे इस्टेटमधल्या आमच्या पेपर मिलच्या गेटवर नाथा बसायचा. कळव्याचा कोळी, खाडीत जाळं टाकायचं सोडून ट्रकचे नंबर लावायला आलेला. रद्दीचा कुठला ट्रक कधी आत जाणार आणि कुठल्या फलाटावर खाली होणार, हे तो ठरवायचा. मी शेजारीच वजनकाट्यावर होतो, त्यामुळे त्याचा हेकटपणा मला रोज फुकट बघायला मिळायचा. मालकाचा भाचा ट्रक घेऊन आला तरी रांगेतच उभा राहायचा.

एक सवलत मात्र त्याने दिलेली होती. ड्रायव्हरला अंघोळीला, जेवायला जायचं असेल तर त्याने आपला टॉवेल गेटच्या दांडीवर टाकून जायचं. टॉवेल आहे तोवर नंबर आहे. टॉवेल नसेल तर ट्रक शेवटी.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात वारा सुटला आणि जुन्नरच्या कुंडलिकचा टॉवेल उडून गटारात पडला. तो जेवून आला तोवर त्याचा ट्रक शेवटी गेलेला.

"दादा, उद्या सकाळी पोरीचं बारसं आहे," तो म्हणाला.

"नियम सगळ्यांना सारखा," नाथा म्हणाला. मी मध्ये पडलो तर मलाही झापलं.

कुंडलिक घरी पोचला तेव्हा पोरीचं नाव ठेवून झालं होतं. हे कळल्यावर नाथाने दोन दिवस डबा तसाच परत नेला. पण कुंडलिकशी एक शब्द बोलेल तर शपथ. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

पुढच्या वर्षी नाथाच्या मुलीचा, तुळसाचा, साखरपुडा ठरला. संध्याकाळी पाचला, कळव्यात. नेमके त्याच दिवशी अकरा ट्रक आले. चार वाजले तरी सात बाकी. त्याच्या बायकोचे, मंजुळावहिनींचे, दोन फोन येऊन गेले.

"निघ की आता," मी चिडून म्हणालो.

"मी उठलो की हे एकमेकांच्या अंगावर जातील. सगळे खाली झाले की जातो." बोलताना तो घड्याळाकडे बघत होता.

आता नंबर कुंडलिकचा होता. तो ट्रकमधून उतरला, टेबलापाशी आला आणि नाथाच्या खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"दादा, तुमचा नंबर राहील. तुम्ही जावा. मी बसतो हितं."

नाथाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो गेला. कुंडलिक खुर्चीच्या कडेवर टेकून एकेक नंबर पुकारत राहिला आणि कोणीही कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाने रजिस्टर उघडलं. कुंडलिकचा ट्रक सगळ्यात शेवटी खाली झाला होता.

"मी निघालो तेव्हा याचाच नंबर होता ना?"

"ट्रक फलाटाला लावायचा तर खुर्ची सोडावी लागली असती," मी म्हणालो. "त्याने नाही सोडली."

नाथा त्या पानावर हात ठेवून रडला. मीही रडलो, लपवत कशाला बसू?

जेवणाच्या सुट्टीत तो न सांगता बाहेर गेला आणि कपडे वाळत घालायचे डझनभर चिमटे घेऊन आला. ते त्याने गेटच्या दांडीवर ओळीने लावले, आणि एकेक ओढून बघितला.