उलाटली तर?

कुठल्याही बंद जागेत शिरले की भाऊ आधी छताकडे बघत. लग्नाचा हॉल असो, बँक असो, नाहीतर डॉक्टरची खोली. मान वर, डोळे बारीक. मग शेजारच्याला हळूच विचारत, "ह्यां उलाटलां तर भायर खंयसून पडाचां?" हे उलटलं तर बाहेर कुठून पडायचं, ही त्यांची कायमची चिंता.

शेजारचा नवखा असला तर तोही वर बघायचा. आम्ही सवयीचे होतो. ओरोसच्या कचेरीत ते हेडक्लार्क, मी त्यांच्या समोरच्या टेबलावर. दोघेही कट्टा गावचे, म्हणून जाण्यायेण्याची एसटीही एकच. भाऊ नेहमी मागच्या काचेपाशी बसत. ती काच फुटते की नाही, असं त्यांनी कंडक्टरला एकदा विचारलं होतं.

"भाऊ, ही येष्टी आसा, बोट न्हय," कंडक्टर म्हणाला.

"बोटीतली माणसांय अशीच निवांत होती," भाऊ म्हणाले.

ह्या सगळ्याचं मूळ एका सिनेमात होतं. कॉलेजात असताना कणकवलीला त्यांनी एक जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. भलंमोठं प्रवासी जहाज, आत मेजवानी चाललेली, आणि एक लाट येऊन जहाज पालथं होतं. छत खाली, जमीन वर. दिवाणखान्यात मदतीची वाट बघत बसलेले बुडाले, आणि जे जहाजाच्या तळाकडे, म्हणजे वर, चढत गेले त्यांतले थोडे वाचले. तरुण भाऊ थिएटरातून बाहेर आले ते कायमचेच तसे झाले. मालवण हाकेवर, पण किल्ल्यावर जायच्या होडीत त्यांनी कधी पाय ठेवला नाही. पाहुणे आले की ते धक्क्यावर चपला सांभाळत उभे राहत.

साहेबांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. नव्या इमारतीत आलो त्या दिवशी कचेरीतल्या शुद्ध मराठीत ते म्हणाले, "साहेब, आपत्कालीन मार्ग छताच्या बाजूनेही असावा."

"इमारत उलटेल कशी, भाऊ?"

"जहाजावरही सगळे हेच म्हणत होते, साहेब."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला, हॉटेलचं शिक्षण घेतल्यावर, नोकरी कुठे लागावी? प्रवासी जहाजावर.

घरात तिला बाय म्हणत. बायने बातमी सांगितली तेव्हा वहिनी काजू सोलत होत्या आणि मी चहा पीत होतो. भाऊंनी एवढंच विचारलं, "तुझी खोली खंय?"

"कामगारांच्यो खोल्यो सगळ्यात खाली असतत, बाबा."

भाऊ उठून मागल्या दारी गेले आणि जेवायला आलेच नाहीत. कचेरीतही ते कुणाशी बोलेनात. छताकडेसुद्धा बघेनात, तेव्हा मात्र आम्हाला काळजी वाटली.

मग एक दिवस ते उजळ चेहऱ्याने आले. तो सिनेमा कुठूनतरी मिळवला होता. शाळेच्या हॉलात पडदा लावायचा, सगळ्या वाडीला बोलवायचं, आणि बायने तो चारचौघांत बघायचा. "बघूंदे. बघून जातंय म्हणाली, तर मी आडवूचंय नाय."

मंडपवाल्याने प्रोजेक्टर वाशाला उलटा टांगला आणि चित्र सुलटं करायचा रिमोट घरी विसरला. मशीन खाली ठेवलं की पुढच्यांची डोकी पडद्यावर येत. शेवटी लोकच ओरडले, "चलूंदे, चलूंदे!" सिनेमा सुरू झाला तो उलटा. टेबलं वर, माणसं वर, समुद्र छताला.

"थोडो दम धरा," भाऊ घाम पुसत म्हणाले. "जहाज उलाटलां की सारख्यां जातलां."

लाट आली. जहाज उलटलं. आणि झालं असं, की पडद्यावर टेबलं, खुर्च्या, झुंबरं सगळं नीट सुलटं झालं, फक्त माणसं छताला पाय लावून वटवाघळांसारखी धावू लागली. पुढे बसलेली एक म्हातारी टाळी वाजवून म्हणाली, "आता घर बरां झालां! पण माणसां कित्याक उलटी झाली गो?"

त्यानंतर कोण बुडालं नि कोण वाचलं ते कुणालाच कळलं नाही. एकजण जिवाच्या आकांताने किंचाळत वर पडला, म्हणजे आम्हाला तो उडालेला दिसला, आणि हॉल हसून लोळायला लागला. बायला तर उचकी लागली. भाऊ एकटे उभे होते, मान तिरकी करून, डोळ्यांत पाणी आणून बघत.

बाय गेली. शब्द दिला होता, म्हणून भाऊंनी अडवलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा तिने आईबापाला जहाजावर फिरायला नेलं. वहिनींनी ओढून नेलं असं म्हणा. परत आल्यावर आम्ही विचारलं तर भाऊ म्हणाले, "जहाज बरां आसा. दारां कमी आसत."

बाकीचं आम्हाला बायकडून कळलं, गेल्या शिमग्यानंतर भाऊ झोपेतच गेले तेव्हा. बाराव्याला जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो.

जहाजावर शेवटच्या संध्याकाळी बायने वडिलांच्या निवृत्तीचा केक सांगितला होता. केक आणताना दिवे मालवायची तिथली पद्धत. दिवे गेले, आणि भाऊ टेबलावर चढून गरजले, "सब लोग ऊपर चलो! बैठना मत!" इतकी वर्षं मनात घोकलेला हुकूम तो. अख्खा हॉल उठला. केक घेऊन बाय दारातून आली तेव्हा आत एक बहिरं जोडपं सूप पीत बसलं होतं.

सगळे वरच्या डेकवर, गळ्याला रुमाल बांधलेले, वाऱ्यात कुडकुडत. वहिनीही तिथे, हातात पाव. भाऊ मात्र नव्हते. त्यांनी वहिनींना एका अनोळखी गुजराती गृहस्थाच्या हवाली केलं होतं: "हिका वर न्हेवा."

"ते खंय होते मग?" मी विचारलं.

"खाली," बाय म्हणाली. "सगळ्यात खाली. धोबीखान्यात."

ते तिला शोधायला जिने उतरत गेले होते. एक चप्पल कुठेतरी राहिली होती. पांढऱ्या चादरींच्या ढिगांमधून धडपडत ते तिला हाका मारत होते, "बाय! बाय!" तिथे फिलिपीन्सची माणसं इस्त्री करत होती. त्यांना वाटलं, म्हातारा निरोप घेतोय. सगळे इस्त्री बाजूला ठेवून त्यांच्याकडे वळले.

बाय हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

"मी दारात पोचलंय," ती म्हणाली, "तर बाबा रडान हाका मारी होते, आणि ती सगळी माणसां हसान हात हलयी होती."