तिसरा बैल बसला

सागाची बोटभर जाडीची एक काठी. तिचं एक टोक यंत्राच्या अंगाला टेकवलेलं, दुसरं स्वतःच्या कानाला. डोळे मिटलेले आणि डावा हात आमच्याकडे वर केलेला. त्या हाताचा अर्थ, सगळ्यांनी गप्प बसायचं.

"पहिले त्याले बोलू द्या," तो म्हणायचा, "मंग तुम्ही बोला."

यंत्र बोलतं हे आम्हाला त्याच्यामुळे कळलं. तोवर आमच्या वखारीत फक्त मुनीमजी बोलत.

नंदुरबार स्टेशनाच्या अंगाला एका मारवाडी शेठची लाकडाची वखार होती. जंगलातून गाड्या भरून ओंडके यायचे, त्यांचं माप घ्यायला मी कारकून होतो. तो तिथे माझ्याही आधीपासून होता, करवत्या म्हणून. काठी गावाच्या पलीकडच्या एका डोंगरपाड्यातला पावरा आदिवासी. हातकरवतीच्या दिवसांत ओंडका खड्ड्यावर आडवा टाकत, एक माणूस वर उभा राही, एक खाली खड्ड्यात. हा कायम खालचा. वरून भुसा डोळ्यांत पडतो म्हणून खालच्याला डोळे मिटूनच करवत ओढावी लागते, आणि ती सरळ चालली की तिरकी, हे कानानंच ओळखावं लागतं. वीस वर्षं त्यानं असं कानानं पाहिलं होतं. तुम्ही-आम्ही डोळे उघडे ठेवून इतकं पाहत नाही.

गावात वीज आली तशी शेठनी विजेवरची गोल करवत आणि ती फिरवायला एक मोटार मागवली. ती बसवायला सुरतेहून फिटर आला. तीन दिवस सगळे लांबून तमाशा बघत होते. हा एकटा फिटरच्या शेजारी उकिडवा बसला. फिटरनं त्याला तीन तारा दाखवल्या, तिन्हींतून जोर येतो तेव्हाच मोटार उठते, असं गुजराती-हिंदीत समजावलं. यानं मान डोलावली आणि आपल्या शब्दांत पक्कं करून घेतलं.

"म्हंजे तीन बैल शेतस. तिन्ही वढतीन तंव्हयच गाडं हालयी."

फिटर खूश झाला. जाताना त्यानं दोन दिवे जोडून तारेत जोर आहे का हे पाहायची एक जोडणी त्याला करून दिली, आणि शेठना सांगितलं की यंत्र या माणसाच्या हाती द्या. शेठनी दिलं. मुनीमजींच्या मात्र ते घशाखाली उतरलं नाही. अंगठा उठवणाऱ्या, डोंगरातून आलेल्या माणसाला मोटार कसली देता, असं ते येईल त्याला ऐकवत. बाकीचे त्याला मिस्तरी म्हणू लागले तरी मुनीमजी "ए करवत्या" अशीच हाक मारीत. तो ओ देई. त्याला कधी राग आलेला मी पाहिला नाही. मला यायचा.

मग पहिला दसरा आला. खंडेनवमीला वखारीतलं सगळं लोखंड धुऊन पुसून मांडलं. यानं विजेचा मुख्य खटका काढून ठेवला, यंत्राला झेंडूची माळ घातली आणि सणाला घरी गेला. मागाहून शेठच्या आई, आमच्या माँजी, ताट घेऊन आल्या. त्यांनी तुपात कालवलेला शेंदूर करवतीला लावला, मोटारीला लावला, कुऱ्हाडींना लावला, माझ्या मापाच्या साखळीलासुद्धा लावला. त्या दिवशी वखारीत नजर जाईल तिथे लाल होतं. आणि माँजींचा दंडक असा की पूजेचा शेंदूर पाच दिवस पुसायचा नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, मुख्य खटका घातला, मोटारीचा खटका दाबला. मोटार नुसती घुमली. हूंऽऽ करीत राहिली, पण फिरेना. त्यानं क्षणात खटका उपसला.

"घुमाडू नका, जळी जाई," तो म्हणाला.

मुनीमजी जणू याच घडीची वाट पाहत होते. "मी सांगेल व्हतं ना शेठ! आते बिघाडी ठेवं. सुरतले तार करा. आनि याले पाठवा परत लाकडं चिराले."

शेठ भला माणूस, पण नव्या मोटारीच्या काळजीनं त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "दुपारनी गाडी येवालोंग पाहू. नही चालनी तं तार करसूत. मंग मी तरी काय करू रे?" त्याचं यंत्र जाणार, हे न बोलता सगळ्यांना कळलं. त्यालाही कळलं.

तो घाबरला नाही असं मी म्हणणार नाही. पण हात ठरल्या क्रमानंच चालले. आधी त्यानं पट्टा उतरवला, करवतीचं ओझं काढलं. खटका दाबून पाहिला, मोटार तरी नुसती घुमली. मग मोटारीचं चाक हातानं फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं, म्हणजे आत काही अडकलेलं नव्हतं. मग काठी कानाला लावून पुन्हा एक पळभर खटका दाबला.

डोळे उघडून तो म्हणाला, "दोन बैल वढी ऱ्हायनात. तिसरा बठेल शे."

फ्यूजच्या तारा पाहिल्या, तिन्ही शाबूत. मग फिटरनं दिलेले दोन दिवे काढले. खटक्याच्या वरच्या बाजूला तिन्ही तारांवर दिवे लागले. खालच्या बाजूला मधल्या तारेशी लागेनात. म्हणजे मोटार निर्दोष होती. बैल बसला होता तो खटक्यातच.

तो खटका उघडा होता, काळ्या पाटीवर बसवलेला. तांब्याची तीन पाती, आणि ती ज्यात शिरतात त्या तीन चिमट्यासारख्या खाचा. मुख्य खटका पुन्हा काढून त्यानं जवळ तोंड नेलं. मी पण वाकलो. मधल्या खाचेत तूप-शेंदराचा वाळलेला थर होता आणि त्यात अक्षतांचे दाणे रुतले होते. माँजींनी पाटीच्या बरोबर मध्यभागी, भक्तिभावानं टिळा लावला होता. यानं मुख्य खटका काढून ठेवला होता म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी माँजींचं काही खरं नव्हतं.

माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, "पूस की आता!"

त्यानं मान हलवली. मुनीमजी मागे उभेच होते. "पूजाना शेंदूर पुससी? तू? हात तं लाव!"

आता त्याची अडचण बघा. न पुसावं तर यंत्र हातचं जाणार. पुसावं, आणि एवढं करून मोटार चालली नाही, तर शेठच्या आईचा टिळा पुसणारा म्हणून वखारीत तोंड दाखवायला जागा नाही. मी असतो तर गुपचूप नखानं खरवडून मोकळा झालो असतो. तो सरळ शेठच्या घराच्या ओट्यापाशी गेला आणि हात जोडून उभा राहिला. आम्ही सगळे त्याच्या मागे.

"माँजी, तुमना टिळा मधला बैलना तोंडमा गया. त्याले वढता येत नही. तुम्ही सांगश्यात तं काढसू."

माँजींना बैलाचं काही कळलं नसावं. चाळीस वर्षं खानदेशात काढून त्याही आमच्यासारख्याच बोलत.

"आनि काढीसन बी चालनी नही तं?"

"तं चूक मन्ही. मी परत जासू, लाकडं चिरसू."

"काढ," माँजी म्हणाल्या. "पन जमीनवर पडू देऊ नको."

त्यानं हात धुतले. खाचेतला शेंदूर काडीनं अलगद काढून तळहातावर घेतला, दाणान् दाणा. तो सगळा मोटारीच्या लोखंडी पाठीवर लावला, जिथे विजेचा संबंध नाही तिथे. खाच कोरड्या फडक्यानं पुसली. पट्टा चढवला. मुख्य खटका घातला, आणि मग मोटारीचा.

मोटार उठली. पट्टा सळसळला आणि करवतीनं आपला उंच सूर धरला. वखारीतला एकेक हमाल ओरडला. शेठ हसत होते. माँजीही मागोमाग वखारीत आल्या होत्या; पदर सावरून त्या म्हणाल्या, "आते पुढला साल माले सांगजो, मिस्तरी, टिळा कोठे लावू ते."

मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की जणू मोटार मीच चालवली. खरं सांगायचं तर मी फक्त वाकून पाहिलं होतं.

पुढे कितीतरी वर्षं ते यंत्र त्याच्याच हाती राहिलं. सारंगखेड्याच्या पाटलांपासून तळोद्याच्या गाडीवानांपर्यंत लोक लाकूड कापायला आमच्याकडेच येत, आणि कुणाचा तेलाचा घाणा अडला तरी त्यालाच बोलावून नेत. मुनीमजींनी मात्र हट्ट सोडला नाही. सगळं गाव मिस्तरी म्हणे, ते "ए करवत्या" म्हणत.

होळीला तो दरवर्षी पाड्यावर जाई. एका वर्षी गेला तो आलाच नाही. ओंडक्यांची गाडी घेऊन आलेल्या त्याच्या पाड्यातल्या माणसांनी सांगितलं, ताप आला होता, चार दिवसांत आटोपलं. शेठनी स्वतः जाऊन मुख्य खटका काढला.

दुपारी शहाद्याकडचा एक शेतकरी गाडीत लाकूड घालून आला. वखार शांत पाहून त्यानं फाटकातूनच विचारलं, "मशीन बंद का बरं शे?"

फाटकाशी मुनीमजी उभे होते. त्यांनी डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली.

"आमना मिस्तरी गया," ते म्हणाले, आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.