मोहोर उठेपर्यंत

मंगळवार, १८ एप्रिल २०२३. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी पेणच्या रामवाडी स्थानकात रोह्याच्या एसटीत बसलो. पायाशी प्लास्टिकचा क्रेट होता, त्यात रिकाम्या काचेच्या बाटल्या. मांडीवरच्या पिशवीत न्यायालयाच्या आदेशाची प्रत, लाखेच्या कांड्या, मेणबत्ती, काडेपेटी, माझी पितळी मोहोर आणि पिण्याचे पाणी.

वकील असलो तरी त्या दिवशी मी कोणाचाही वकील नव्हतो. न्यायालयाने मला कमिशनर नेमले होते. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका रंगाच्या कंपनीत जायचे, एका विशिष्ट बॅचच्या उरलेल्या ड्रममधून नमुने काढायचे, दोन्ही पक्षांसमक्ष ते लाखेने मोहोरबंद करायचे आणि न्यायालयात जमा करायचे, एवढेच काम होते.

दावा पेणच्या एका बाईंचा होता. मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारी कामगार म्हणून त्या गणपतीच्या कारखान्यात लागल्या आणि पुढे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. त्या वर्षी परदेशी जायच्या मूर्तींचा रंग खोक्यात भरण्याआधीच पोपडे धरून सुटू लागला. बाईंचे म्हणणे, रंगात खोट आहे. कंपनीचे म्हणणे, मूर्ती ओल्या असताना रंगवल्या. पेणमध्ये रंग सोडणारी मूर्ती पाठवणाऱ्याला पुढच्या वर्षी व्यापारी विचारत नाहीत. खोट रंगात होती हे दाखवता आले नाही, तर बाईंना कारखाना बंद करावा लागणार होता. दाखवायचे ते त्या ड्रममध्येच होते.

माझी वकिली जमिनीची. पेणच्या न्यायालयात उभा राहू लागलो तेव्हा खारजमिनीचे बांध, मिठागरांचे हिस्से आणि कुळांचे वाद, एवढेच काम होते. नंतर रोह्यात आणि नागोठण्यात कंपन्या आल्या, त्यांच्यामागून वाहतूकदार, ठेकेदार, माल पुरवणारे. त्यांची भांडणे बांधाच्या भांडणांसारखीच होती. फक्त बांध दिसत नसे. आधी मी त्यांच्या नोटिसा लिहिल्या, मग करारनामे. व्यापारी न्यायालयांचा कायदा आला तेव्हा माझ्या वयाचे वकील म्हणाले, हे मुंबईवाल्यांचे काम. तिथे मुदत गेली की लेखी जबाबाचा हक्क जातो. तारीख मागून मिळत नाही. तातडीचे कारण नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जावे लागते. मला ती शिस्त पसंत पडली. अलिबागला जिल्हा न्यायालयात व्यापारी दाव्यांचे कामकाज चाले, तिथे मी मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. कित्येक महिने बसणे हेच काम होते. एका दुपारी न्यायाधीशांनी कमिशनर नेमायला मान वर केली, आणि दोन्ही पक्षांशी संबंध नसलेला वकील म्हणून मी समोर होतो.

एसटी सुटता सुटता एक बाई चढल्या आणि माझ्या मागच्या बाकावर बसल्या. न्यायालयात पाहिले होते, त्यामुळे ओळखले. दावा लावणाऱ्या त्याच.

कमिशनर कोणत्याही पक्षाच्या गाडीतून जात नाही आणि कोणाकडचे पाणीही घेत नाही. बाईंना उतरवण्याचा मला अधिकार नव्हता. मी वडखळला उतरतो, असे त्यांना सांगितले.

"यष्टी सरकारची हाय, वकीलसाहेब. माझी नाय."

"गाडी कोणाचीही असो. आपण दोघे एका दारातून उतरलो की समोरचे ते लिहून घेतील."

"आता यष्टीत पण कोर्ट भरवलंत," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड केले.

मी क्रेट घेऊन वडखळला उतरलो. महामार्गाचे काम संपलेले नव्हते आणि संपण्याची चिन्हेही नव्हती. मागची गाडी बऱ्याच उशिरा आली. नियम पाळण्यात गेलेला तो वेळ पुढे महाग पडणार होता.

कंपनीच्या फाटकाशी बाई उन्हात उभ्या होत्या. कमिशनर आल्याशिवाय त्यांना आत घेत नव्हते. त्यांच्या वकिलांची पनवेलला तारीख होती, म्हणून त्या एकट्याच. कंपनीकडून दोघे होते: एक उत्पादन पाहणारे मॅनेजर, उंच आणि घाईतले, दुसरे कंपनीचे वकील, वयाने माझ्याहून बरेच लहान, बोलण्यात अतिशय नम्र. अशा नम्रतेपासून मी सावध राहतो.

पहारेकऱ्याने पिशवी तपासली आणि काडेपेटी काढून घेतली. कंपाउंडच्या आत कुठेही ज्योत पेटवायची नाही, असा नियम. बाईंचा रंग पाण्यात कालवायचा होता, पण त्याच छपराखाली थिनरची पिंपे होती. लाख वितळवायला ज्योत लागते. आदेश मागणारे, देणारे आणि तो हातात घेऊन आलेला मी, कोणाच्याही मनात हे आले नव्हते. आयुष्यभर आम्ही बांधावर आणि शेतघरात मोहोर उठवली होती.

आधी नमुने काढू, मग पाहू, असे ठरवले. आत जाण्याआधी पाहुण्यांनी सुरक्षेची चित्रफीत पाहायची असते. ती पाहिली. हेल्मेट दिले, ते घातले. मग स्टोअरच्या किल्लीचा माणूस जेवायला गेला होता. मॅनेजर कॅन्टीनमध्ये चला म्हणाले. मी माझ्या बाटलीतले पाणी प्यायलो आणि स्टोअरच्या दाराशी उभा राहिलो. बाईही उभ्या राहिल्या, पण माझ्यापासून दूर. सकाळचे त्यांच्या लक्षात होते.

दार उघडले. त्या बॅचचे ड्रम एका कोपऱ्यात होते. क्रमांक आधी मॅनेजरांनी मोठ्याने वाचला, मग बाईंनी. ड्रम ढवळून घेतले, बाटल्या भरल्या, झाकणे लावली. कागदी पट्ट्यांवर दोघांच्या सह्या घेऊन त्या चिकटवल्या. मॅनेजर म्हणाले, कंपनीची प्लास्टिकची सीले आहेत, ती लावू. मी नाही म्हणालो. एका पक्षाचे सील ते सील नव्हे, आणि आदेशात लाख लिहिली होती.

मग मी सांगितले की बाटल्या फाटकाबाहेर नेऊन तिथे मोहोर उठवू.

कंपनीचे वकील याचीच वाट पाहत असावेत.

"सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे," ते म्हणाले. "पण स्टोअर पार मागे. इथून फाटकापर्यंत बाटल्या बिनसीलच्या जाणार. वाटेत काय झालं, काय नाही, कोण सांगणार? माझा आक्षेप लिहून घ्या. त्यापेक्षा आदेशाप्रमाणे काम करणं शक्य नाही असा अहवाल द्या. आदेश दुरुस्त करून घ्या आणि परत या."

"तोपर्यंत हे ड्रम कुठे असतील?"

उत्तर मॅनेजरांनी दिले. दुसऱ्या शिफ्टला हा माल रीवर्कला जाणार, म्हणजे नव्या बॅचमध्ये मिसळून टाकणार. प्लॅन वरून येतो. थांबवणे त्यांच्या हातात नाही.

"आणि उत्पादन थांबवा असं आदेशात कुठेही नाही," वकील म्हणाले.

ते खरे होते. आक्षेपही खोटा नव्हता. त्यांच्या जागी असतो तर मीही तोच घेतला असता. आक्षेपासह नमुने नेले तर उद्या बाटल्यांतला रंग कोणाचा यावरच वर्षभर वाद चालेल. न नेले तर रंगच उरणार नाही. शिफ्ट बदलायला फार वेळ नव्हता.

बाई माझ्याकडे न पाहता बोलल्या. "म्हंजे परत याल तवा हितं काय नसल. वडखळला उतरला नसता तर या वक्तापर्यंत कायतरी झालं असतं."

कमिशनरने पक्षाला उत्तर देण्याचे कारण नसते. पण बांधावरची मोजणी मला आठवली ती तेव्हाच. खारजमिनीत साखळीने मोजत, त्या काळी साखळीचे एक टोक एका पक्षाच्या हातात देत आणि दुसरे दुसऱ्याच्या. मोजणी संपेपर्यंत टोक सोडायचे नाही. साखळी ताणली, ढिली सोडली, असे मग कोणाला म्हणता येत नसे. ती त्याच्याच हातात असे. चिखलात एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊ मी असे दिवसभर साखळी धरून चालताना पाहिले आहेत.

मी बाटल्या क्रेटमध्ये ठेवल्या. क्रेटचा एक कान बाईंना धरायला सांगितला, दुसरा मॅनेजरांना. मोहोर उठेपर्यंत दोघांपैकी कोणीही हात काढायचा नाही. मी आणि वकील मागून चालू.

वकिलांनी मॅनेजरांना हलक्या आवाजात सांगितले की हे करायला ते बांधील नाहीत. मॅनेजरांनी हात मागे घेतला.

"बांधील नाहीत," मी म्हणालो. "नाही म्हणा. वाटेत काय होतं याची शंका कंपनीला होती, आणि बाटल्यांवर हात ठेवायला सांगितलं तेव्हा कंपनीने नकार दिला, एवढंच मी लिहीन. तुमच्या नावाने लिहीन. न्यायाधीशसाहेब विचारतील तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. या वकिलांना नाही."

मॅनेजर वकिलांकडे पाहत राहिले. वकिलांनी नजर बाटल्यांकडे वळवली. मॅनेजरांनी वाकून कान धरला.

चालणे कठीण होते. ते उंच, बाई ठेंगण्या; क्रेट बाईंकडे कलायचा आणि बाटल्या एकमेकींवर वाजायच्या. "सायेब, जरा वाकून धरा," बाई म्हणाल्या. "कंपनीची मान माझ्यापरीस वर हाय, ते ठावं हाय मला." मॅनेजर वाकले. तसेच वाकून ते पुढची सगळी वाट चालले.

निम्म्या वाटेवर शिफ्टचा भोंगा झाला. फाटकातून कामगारांचा लोंढा आत येऊ लागला आणि आतला बाहेर निघाला. क्रेट धरून चाललेला आपला मॅनेजर पाहून माणसे थबकत होती. कोणीतरी मागून विचारले, साहेब, रुखवत कुठे चाललं? हशा पिकला. मॅनेजरांच्या मानेवर घाम होता. त्याच वेळी त्यांच्या कमरेचा वॉकीटॉकी बोलू लागला. स्टोअरचे ड्रम मिक्सरकडे न्यायचे का, असे कोणी विचारत होते. त्यांचा दुसरा हात बाटल्या सावरण्यात गुंतलेला. उत्तर द्यायला त्यांनी क्रेटचा कान सोडू पाहिला.

"हात सुटला तर मी तसं लिहीन," मी मागून म्हणालो.

वॉकीटॉकी दोनदा विचारून गप्प झाला. क्रेट पुढे निघाला.

फाटकाबाहेर पहारेकऱ्याने काडेपेटी परत दिली. वारा सुटला होता. मेणबत्ती पेटवली की विझे. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. क्रेट धरून दोघे उन्हात उभे होते आणि दोघांनाही जागचे हलता येत नव्हते. समोर चहाची टपरी होती. मी टपरीवाल्याच्या शेगडीवर त्याच्याच पळीत लाख वितळवली आणि त्याला पळीचे पैसे दिले. मग एकेका झाकणावर लाख सोडून मोहोर दाबत गेलो. शेवटच्या बाटलीला वाऱ्याने धार हलली आणि लाखेचा थेंब मॅनेजरांच्या मनगटावर पडला. त्यांनी दात आवळले. हात काढला नाही.

बाईंनी मोकळ्या हाताने पिशवीतली बाटली काढली, दातांनी झाकण फिरवले आणि त्यांच्या मनगटावर पाणी ओतले. मी ते अहवालात लिहिले नाही.

मोहोर थंड झाल्यावर मी म्हणालो, "आता सोडा." दोघांनी एकदमच सोडले. पंचनामा टपरीच्या बाकावर लिहिला. आक्षेपाच्या जागी काय लिहू, असे कंपनीच्या वकिलांना विचारले. त्यांनी बाटल्या उचलून पाहिल्या, मोहोर पाहिली, आणि "आक्षेप नाही" असे स्वतःच्या हाताने लिहून सही केली. मग तिघांनी चहा घेतला. मी घेतला नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा बाटल्यांविषयी एका शब्दाचाही वाद झाला नाही. खोट रंगातच निघाली. साक्षीपुरावा सुरू होण्याआधी कंपनीने तडजोड केली, आणि बाईंचा कारखाना चालू राहिला. कंपनीच्या त्याच वकिलांनी पुढे मला एका दाव्यात सोबत घेतले. जमिनीची कामे मी एकेक करून सोडली. आता जे येते ते व्यापारी न्यायालयाचेच. पण हे नंतरचे. त्या संध्याकाळी मला एवढेच माहीत होते की बाटल्या मोहोरबंद आहेत, अलिबागची कचेरी बंद झाली आहे आणि रात्रभर त्या सांभाळायच्या आहेत.

रोह्याच्या स्थानकावर पेणची एसटी लागली होती. बाई दारापर्यंत आल्या, मला आत बसलेला पाहिले आणि पायरीवरून मागे झाल्या.

"जावा तुमी," त्या म्हणाल्या. "मी मागल्या यष्टीनं येते."

घरी पोचलो तेव्हा पत्नीने विचारले, हे काय आणले. न्यायालयाचे आहे, एवढे सांगितले. उन्हाळ्यात लाख मऊ पडते. घरात सर्वांत गार फरशी देवघराच्या खोलीची. क्रेट तिथे ठेवला. पत्नी म्हणाली, मग आज दिवा लावायचा नाही का? मी म्हणालो, उद्या, हे गेल्यावर. रंग पेट घेणारा नव्हता, हे मला ठाऊक होते. तरीही कोनाड्यातली काडेपेटी उचलून स्वयंपाकघरात ठेवली आणि खोलीला कुलूप लावले.