देवाचा धाक मीच दाखवला

मैत्रिणींनो, सकाळपासून मन खातंय. सोलरवर फोन चार्ज झाला तसा लिहायला बसले.

मुलचेऱ्याजवळ आमचं शेत आहे, तिथेच राहतो. आज रानमांजरानं दोन कोंबड्या नेल्या, कारण खुराड्याचं दार उघडं राहिलं होतं. मी माझ्या सहा वर्षांच्या लेकीवर, परीवर ओरडले, "तूच उघडं ठेवलं ना? आता देव पाहून घेईन तुले!" ती घरात गेली.

मग एकदम आठवलं. अंडी काढायला मीच गेले होते आणि कडी लावायची विसरले होते.

धावत घरात आले. परी देवापुढे कान धरून बसली होती. "देवा, मले आठवत नाई, पण माय म्हणते तर मीच केलं असन. माफ कर."

मी तिला कुशीत ओढलं. "पोरी, दार मीच उघडं ठेवलं होतं. चूक माही आहे."

तिला राग आलाच नाही. ती घाबरून म्हणाली, "मंग देव आता तुले मारन काय?"

"नाई वो, देव कोणालेच मारत नाई," असं म्हणाले खरी, पण ती माझा हात सोडेना. आताही पदर धरूनच झोपली आहे.

माझी चूक मी कबूल केली. पण तिच्या मनात घातलेली ही भीती कशी काढू? तुमच्यापैकी कोणाला जमलंय का?