बायकांची मुतारी आणि गजूभाऊ

माझं बोलणं कोणाला खरं वाटत नाही. आमच्या नगरसेविकेला मी फोन लावला. पलीकडून जाडजूड बाप्याचा आवाज आला, "हां, बोला! मी मॅडमच बोलून राहिलो!"

हे घरी सांगितलं तर पोरगा म्हणाला, "आई, राँग नंबर असंन." जावई म्हणाला, "मॅडमले सर्दी झाली असंन." नवऱ्यानं तर पेपरातून डोकंही वर काढलं नाही. म्हणाला, "हिचं चालूच राहते." चवथी पास, मिरची विकणारी, तोंडाची फटकळ बाई. म्हणजे फेकतच असणार, नाही का?

पण मी तरी काय करू? मिरचीच्या पोत्यात हात घातला की एकीच्या देठात दुसरी अडकून येते. तसंच आहे हे. एक सांगायला बसलं की मागून पाच येतात. तुम्ही तरी ऐका. खरं वाटलं तर बरं, नाही वाटलं तर बाजारात येऊन चंद्रकलेला विचारा.

चंद्रकला म्हणजे माझ्या शेजारी लसूण-अद्रक घेऊन बसते ती. सक्करदऱ्याकडच्या आठवडी बाजारात आम्ही दोघी कित्येक वर्षं एकाच ताडपत्रीखाली बसतो. ती बौद्ध, मी हलबा कोष्टी. तिची जीभ माझ्या भिवापुरी मिरचीपेक्षा तिखट. आणि आम्हा दोघींचंच कशाला, बाजारातल्या झाडून साऱ्या बायकांचं दुखणं एकच. सकाळी बसलं की सांजेपर्यंत जायला जागा नाही. बाप्यांचं काय, भिंत दिसली की झालं. आम्ही मे महिन्याच्या उन्हात तहान लागली तरी पाणी पीत नाही. का पीत नाही, हे कोणत्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा आमच्या महिला मंडळानं ठरवलं की आपलीच बाई पाठवायची आणि आधी मुतारी बांधून घ्यायची. आपली बाई म्हणजे ब्लाऊज शिवणारी वहिनी. सारा वॉर्ड तिला वहिनीच म्हणतो, मीही तेच म्हणते; तिचं नाव कोणी घेतच नाही, नवराही नाही. मंडळात बोलायला उभी राहिली की भल्याभल्यांना गप्प करायची. पार्टीनं तिकीटही दिलं. पण ते वहिनीकडे पाहून नाही, तिच्या नवऱ्याकडे, गजूभाऊकडे पाहून.

तिकीट वहिनीला भेटलं, हार भाऊच्या गळ्यात पडला!

*

प्रचाराचे बॅनर लागले. अर्ध्यात गजूभाऊ हात जोडून. कोपऱ्यात, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीएवढी, वहिनी. आणि केवढी गोरी! आमची वहिनी चांगली सावळी, तुकतुकीत. कॉम्प्युटरवाल्यानं तिला दुधात बुडवून काढली होती.

मी त्याला जाऊन विचारलं, "काहून रे बाप्पा, रंग काहून बदलला?"

"काकू, फोटो उठून दिसाले पाहिजे ना."

"मंग भाऊले काहून नाई पांढरं केलं? तो तं तव्याच्या बुडासारखा हाय."

"भाऊचं काय, भाऊले सारे वळखतात."

चला. आम्ही वहिनीला घेऊन घरोघरी निघालो. एका गल्लीत एक म्हातारी ओट्यावर बसली होती. आधी तिनं वहिनीकडे पाहिलं, मग बॅनरकडे, आणि मला म्हणाली, "तुमी कार्यकर्त्या ठीक हा वं. पन त्या गोऱ्या बाईले घेऊन या. मत तिले देनार हाय मी."

*

निवडून आलो. आलो म्हणजे वहिनी आली, पण गुलाल आम्हीही खाल्ला. आठ दिवस जाऊ दिले आणि मुतारीचं बोलायला संपर्क कार्यालयात गेलो. फिरत्या खुर्चीत गजूभाऊ. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत वहिनी, मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी.

चंद्रकलेनं सरळ विचारलं, "भाऊ, तुमी इथं कोन?"

"मी मॅडमचा प्रतिनिधी."

"अन् मॅडम कोनाच्या प्रतिनिधी?"

"जनतेच्या."

"म्हंजे तुमी प्रतिनिधीचे प्रतिनिधी!"

भाऊ हसले. "ताई, काम होनं महत्त्वाचं. बाई काय अन् मानूस काय, एकच हाय."

चंद्रकला म्हणाली, "एक कसं असंन गा? मुतारीची घाई मले लागते, प्रतिनिधीले लागत नाई!"

वहिनीनं पदर तोंडाला लावला. हसू दाबत होती की अजून काही, ते मला दिसलं नाही.

*

त्यानंतर भाऊंनीच एक शिबिर ठेवलं, 'महिला आणि कायदा'. शिकवायला एक वकील साहेब. समोरच्या खुर्च्यांवर भाऊंचे कार्यकर्ते, मागे सतरंजीवर आम्ही महिला. साहेब चांगले बोलले, खोटं कशाला सांगू! मारहाणीचा कायदा सांगितला, बापाच्या इस्टेटीतल्या वाट्याचा सांगितला. मी कान देऊन ऐकत होते. मला फार नवल वाटतं या गोष्टींचं. कोणीतरी कुठेतरी बसून आपल्यासाठी एवढं लिहून ठेवलं आणि आपल्यापर्यंत पोचायला त्याला एवढी वर्षं लागली!

शेवटी साहेब म्हणाले, "महिलांनी आता बोलायला शिकलं पाहिजे!"

मी लगेच उभी राहिले. "साहेब, निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीत नवरा बसला तं कोनतं कलम लागते?"

समोरच्या खुर्च्या एकदम मागे वळल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ताई, तो तुमचा घरगुती प्रश्न झाला."

सतरंजीवरून चंद्रकलेचा आवाज आला, "खुर्ची सरकारी अन् प्रश्न घरगुती?"

तेवढ्यात माइक बंद झाला. आभार गजूभाऊंनी मानले. त्यांना माइक लागतच नाही.

*

महिला दिनाला टीव्हीवाले आले. पोरगी रिपोर्टर, चुणचुणीत. भाऊंना विचारलं रस्त्याचं, नालीचं, निधीचं. मग माइक वहिनीकडे. "मॅडम, घर आणि राजकारण, दोन्ही कसं सांभाळता?"

वहिनी म्हणाली, "बाजारातल्या बायकांसाठी मुतारी..."

"कट! मॅडम, दुसरा शब्द वापरा ना."

"बाजारातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह..."

"कट! मॅडम, आज सेलिब्रेशनचा दिवस आहे. जरा पॉझिटिव्ह बोला. असं करू, किचनमध्ये एक शॉट घेऊ."

रात्री आम्ही साऱ्या टीव्हीसमोर बसलो. गजूभाऊ भरपूर बोलले. वहिनीनं एक पोळी लाटली. ती गोल आली होती, तेवढं मात्र दाखवलं.

पण खरी गंमत शूटिंग झाल्यावरची. पोरगी आमच्या ताडपत्रीखाली आली. मी सहज विचारलं, "पोरी, तू दिवसभर फिरतं, तू कुठं जातं वं?" तिनं कॅमेरावाल्याकडे पाहिलं, तो दूर होता. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, इथं जवळपास आहे का कुठं? सकाळपासून..."

चंद्रकला तिला हात धरून स्वतःच्या घरी घेऊन गेली, पार वस्तीच्या टोकाला. ते टीव्हीवर आलं नाही.

*

एकदा मनीषनगरातल्या एका महिला क्लबनं वहिनीचा सत्कार ठेवला. सोबत आम्ही दोघी. फ्लॅट म्हणजे आरसा! चकली, ढोकळा, काचेच्या ग्लासात सरबत. क्लबच्या बाई भाषणात म्हणाल्या, "आपण साऱ्या भगिनी आहोत." टाळ्या पडल्या. मुतारीच्या मागणीवर सह्याही देतो म्हणाल्या. मनात म्हटलं, चला, ह्या बायका कामाच्या आहेत.

मग त्यांनी चंद्रकलेला गोड आवाजात विचारलं, "तुमचं आडनाव काय हो?" तिनं सांगितलं. "अच्छा, अच्छा," त्या म्हणाल्या, आणि एकदम पडद्याच्या रंगाबद्दल बोलायला लागल्या.

सरबत झालं होतं. चंद्रकलेनं विचारलं, "बाई, बाथरूम कुठं हाय?"

बाई जरा अडखळल्या. "खाली वॉचमनचं आहे बघा. आमच्या कामवाल्या बायकाही तिथंच जातात. स्वच्छ असतं."

चंद्रकला उठली. ग्लास टेबलावर ठेवून म्हणाली, "आत्ता बहीन होती ना मी तुमची? मंग बहिनीले वॉचमनच्या घरी कायले पाठोता?"

वहिनी सत्काराची शाल तिथेच खुर्चीवर ठेवून आमच्यासोबत उतरली. खाली आल्यावर वहिनी म्हणाली, "माफ कर वं, चंद्रकला."

"तुनं काय केलं वं?"

"आजवर काईच नाई केलं. त्याचीच माफी."

*

आणि त्यानंतरच गजूभाऊ भिवापूरला नात्यातल्या लग्नाला गेले. दुसऱ्या दिवशी आम्हाला निरोप आला, या म्हणून. जाऊन पाहतो तर फिरत्या खुर्चीत वहिनी! पाय जमिनीला टेकत नव्हते, खुर्ची भाऊंच्या मापाची होती. समोर महापालिकेचा इंजिनिअर उभा.

वहिनी म्हणाली, "साहेब, ह्या बायका सांगतीन तसं लिहून घ्या."

बाजारात जाऊन आम्ही खडूनं जमिनीवर आखूनच दिलं. तोंड मागच्या भिंतीकडे, म्हणजे जाता-येता कोणाला दिसणार नाही. पुढे आडोसा. कडी आतून. नळ. पिशवी टांगायला खुंटी, कारण खाली ओल्यात पिशवी ठेवायची म्हटली की जीव जातो. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, एकदा भाऊंना विचारून घेतो."

वहिनी म्हणाली, "भाऊ तिकडं पंगतीत जेवून राहिले. तुमी लिहा."

काय सांगू! त्या दिवशी चंद्रकलेनं साऱ्या बाजाराला फुकट अद्रक वाटलं. हे तर अजूनच कोणाला खरं वाटत नाही.

*

भाऊ परत आले. बांधकाम झालं. पण आम्ही आखलं तसं नाही. मागच्या भिंतीकडे तोंड केलं तर भाऊंच्या नावाची पाटी रस्त्यावरून दिसणार नव्हती. म्हणून अख्खी मुतारी फिरवली. तोंड आलं बरोबर पानठेल्यासमोर. आडोसा रद्द, कारण पाटी झाकली जात होती. कडी बाहेरून, कुलूप लावता यावं म्हणून. चाबी पानठेल्यावाल्याकडे. खुंटी नाहीच.

उद्घाटनाला मंडप, ढोलताशा. दगडी पाटीवर 'गजूभाऊंच्या अथक प्रयत्नातून'. फीत भाऊंनीच कापली. भाषण लांबलं, वरून ऊन, आणि भाऊ सकाळपासून ताक पीत होते. भाषण संपल्याबरोबर ते "पाहनी करतो" म्हणून आत शिरले.

बराच वेळ पाहणी चालली.

बाहेर आले तर चंद्रकलेनं टाळ्या वाजवल्या. "भाऊ, जमलं ना? आता आमी जाऊ?"

*

पण कोणी गेलं नाही. कोण जाईल? पानठेल्यावर दहा टोळभैरव उभे, त्यांच्यातून जाऊन चाबी मागायची. "भैया, चाबी द्या." "कायची चाबी, काकू?" आणि सारे खी खी. एका पोट्टीनं चाबी मागून पाहिली, ती रडत परत आली. आम्ही पुन्हा पाणी बंद केलं. मे महिन्यात भाजीवाली कौसाबाई मेथीच्या जुड्यांवर आडवी झाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई आमच्यावरच चिडली, "पाणी का पीत नाही तुम्ही बायका?"

तेव्हा मात्र आम्ही उठलो. बाजाराच्या दिवशी दुकान मांडलं नाही. साऱ्या जणी पानठेल्यासमोर रस्त्यावर बसलो. मिरची, लसूण, मेथी, सारं बंद. नागपूरच्या पोटाला हात लावला की सारे धावत येतात. महापालिकेचे मोठे साहेब आले. टीव्हीची तीच पोरगी आली, आणि या वेळी कॅमेरावाल्याला तिनंच सांगितलं काय दाखवायचं ते. गजूभाऊ आले, पांढरा कुडता, मागे कार्यकर्ते. भाऊंच्या मागे वहिनी.

साहेबांनी मुतारीला चक्कर मारली. दार उघडलं, बंद केलं. बाहेरची कडी हलवून पाहिली. पानठेल्याकडे पाहिलं. मग विचारलं, "हे तोंड रस्त्याकडे कोणी केलं?"

ठेकेदारानं इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअरनं भाऊंकडे पाहिलं.

"कडी बाहेरून लावायचं कोणाचं डोकं?"

इंजिनिअर अजूनही भाऊंकडेच पाहत होता.

"अहो, बाजारातली एक बाई दवाखान्यात आहे. चौकशी लागणार. मला एक नाव द्या. हा निर्णय कोणाचा?"

कॅमेरा भाऊंवर आला. भाऊ दोन पावलं मागं सरकले, आणि त्याबरोबर वहिनी आपोआप पुढे आली.

"मी तं साधा कार्यकर्ता हाय, साहेब," भाऊ म्हणाले. "निर्णय तं लोकप्रतिनिधीचा असते."

"नाव सांगा."

भाऊंनी घसा साफ केला. इतक्या स्पष्ट, खणखणीत आवाजात त्यांनी सांगितलं, की पार मागे बसलेल्या बायकांनाही ऐकू गेलं.

"वैशाली."