रेडिओला नवा स्पीकर घ्यावा की नाही

मंडळी, नवा स्पीकर घ्याच, असं तुम्ही सर्वांनी एकमुखाने लिहिलंत. त्याचं फळ आजच मिळालं.

आमच्या रेडिओचा आवाज पडसं झालेल्या पुराणिकासारखा. म्हणून उमरखेडच्या दुकानदाराने दुपारी मोठा स्पीकर पेटीसकट जोडून दिला. पटला तर ठेवा म्हणाला.

शेजारचे नामदेवकाका एकटेच राहतात, कानाने अधू. रोज संध्याकाळी बातम्यांना येतात, रेडिओच्या जाळीला कान लावून बसतात आणि हिच्या आग्रहाने जेवूनच जातात. आज बातम्या संपल्या तरी आले नाहीत. आम्ही दोघं घाबरून बघायला गेलो, तर स्वारी आपल्या ओसरीवर मजेत बसलेली.

ही म्हणाली, "काका, आले नाही काहून?"

"इथंच सारं ऐकू येऊन राह्यलं, सूनबाई. मंग तुमाले कायले तरास देऊ?"

"अन् जेवण?"

"सकाळची भाकर हाय ना."

घरी येऊन हिने आधी स्पीकरची तार काढली आणि काकांना बोलावून पाट मांडला. नादब्रह्मावरचं माझं प्रवचन तोंडातच राहिलं.

उद्या स्पीकर परत करायचा आहे. आवाज फार चांगला आहे म्हणून नको, हे दुकानदाराला कसं सांगू?